मदत हवी आहे: पोलिसांना मारहाणीशिवाय चौकशी शिकवणारं कोणी आहे का? (गोवा)

नमस्कार मंडळी,

मी उत्तर गोव्यातल्या एका गावची पंच. गावाचं आणि पोलीस स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही.

चवथीला चार दिवस असताना आमच्या वाड्यावरच्या एका २२ वर्षांच्या मुलाला पाण्याचा पंप चोरीला गेला म्हणून जीपमधून नेलं. आई पेजेचा डबा घेऊन पोलीस स्टेशनात गेली, तर "इथे नाही" म्हणाले. शेजारच्या स्टेशनातही तेच उत्तर. रात्री अडीच वाजता मी तिच्यासोबत होते, पेज तोवर आंबून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील त्याला घेऊन आले. त्याचे तळपाय इतके सुजले होते की स्वतःच्या चपला चढेनात. वडिलांनी आपल्या मोठ्या चपला त्याला दिल्या आणि स्वतः अनवाणी चालत आले.

तक्रार कुठे करायची ते मला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आलेलं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, गोवा मानवाधिकार आयोग आहे. पण आई नको म्हणते. तिच्या मनाविरुद्ध मी जाणार नाही, म्हणून कृपया त्याबद्दल आग्रह करू नका.

माझा प्रश्न पुढचा आहे. आता नवीन इन्स्पेक्टर आलेत. ग्रामसभेनंतर त्यांच्याशी बोलले तेव्हा ते म्हणाले, "चांगला माणूस आणा, शुक्रवारच्या परेडनंतर दोन तास देतो." त्याच दिवशी बाहेर एका हवालदाराने जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. "बाई, साहेबांना आठ दिवसांत उलगडा हवा असतो. न मारता माणसाला बोलतं कसं करायचं ते आम्हाला कोणी शिकवलंच नाही." वाळपईच्या प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडून याला वीस वर्षं झालीत. त्याला आज कोण शिकवणार? आणि त्याच्या भाषेत? मला मिळालेलं सगळं साहित्य इंग्रजीत आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. डी. के. बसू निकालाने १९९६ सालीच अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी हे सगळं घालून दिलं. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची माहिती ठेवायला प्रत्येक स्टेशनात एक अधिकारी नेमायचा आणि ती माहिती ठळकपणे लावायची. आमच्याकडे तो फलक आहे, लोखंडी कपाटाने अर्धा झाकलेला आणि कोरा. पण तो समोर असता तरी या मुलाचं नाव त्यावर आलं नसतं, कारण कागदोपत्री त्याला अटक झालीच नाही. "नुसतं चौकशीला बोलावलं होतं." मार बसला तो याच तासांत, जेव्हा तो कुठे आहे हे घरच्या कोणालाच माहीत नव्हतं. हे तास नोंदीत कसे आणायचे? आणि निव्वळ विचारपूस झालेल्या पोराचं नाव भिंतीवर लावून त्याची गावात बदनामीही व्हायला नको.

कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी म्हापशाला फौजदारी वकिली करतो. चौकशीला बोलावलेल्यांची नावं भिंतीवर नकोतच. त्याऐवजी आवक-जावक नोंदवही ठेवायला सांगा: आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, कोणी बोलावलं, घरच्या कोणाला फोन केला. घरच्यांना तेवढ्याची चिठ्ठी द्यायची. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१९ ची कार्यपद्धती अटकेआधीच्या टप्प्यालाही लागू आहे, म्हणजे चौकशीला बोलावलेल्यालाही वकील मिळू शकतो. मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा नंबर गावात लावा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहा.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर व्याख्यान नको, सराव हवा. इंग्लंडमध्ये खोट्या कबुल्यांवर निरपराध माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली, त्यानंतर १९९० च्या दशकात तिथे 'पीस' (PEACE) नावाची चौकशीची पद्धत आली. आधी तयारी करायची, मग माणसाला सलग बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, आणि शेवटी त्याचं म्हणणं पुराव्याशी ताडून पाहायचं. हवालदारांना पटेल असा मुद्दा नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम २३ चा आहे: पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मारून मिळवलेल्या कबुलीने तपास आहे तिथेच राहतो. शिवाय २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे स्टेशनातल्या कॅमेऱ्यांना आवाजही हवा आणि चित्रण किमान वर्षभर जपायला हवं. कोठडीबाहेरच्या खोल्यांत कॅमेरे आहेत का, तेवढं इन्स्पेक्टरांना विचारा. मी एका शुक्रवारी येऊ शकतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. नोंदवहीचं आजच इन्स्पेक्टरांना सांगितलं, ते तयार आहेत. चिठ्ठीचा नमुना मराठीत मी करते, कोकणीत कोणी करून देईल का? एका पानात मावायला हवा. आणि ज्या आईला वाचता येत नाही तिला ती चिठ्ठी तिथेच वाचून दाखवायची, हेही त्यात लिहायचं आहे.