मदत हवी आहे: झोपेत अंग जखडते, जागल करणाऱ्यांनी सांगा

वय ३४, यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून एक दिवसाआड जागल असते. पहाटे चारला घरी येऊन झोपलो की आठवड्यातून दोन-तीनदा हे होते: डोळे उघडतात, पण हातपाय हलत नाहीत, आवाज निघत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते. मिनिटभरात सुटते.

आजी म्हणते मुंज्या. तिच्या समाधानासाठी उशाखाली विळाही ठेवला, फरक शून्य. वाचलं ते असं की स्वप्नाच्या (रेम) झोपेत स्नायू सैल पडलेले असतात आणि ते पुन्हा ताब्यात येण्याआधीच मेंदू जागा होतो. उताणं झोपणं आणि रात्रीचा चहा सोडला, थोडं कमी झालं. दारू नाही, गोळ्या नाहीत, बीपी-शुगर बरोबर. दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागत नाही.

एकदा मात्र घाबरलो नाही, तर तिथूनच स्वप्नात शिरलो. स्वप्न आहे हे कळत होतं, विहिरीवरून चक्क उडालो!

हरभरा निघेपर्यंत जागल सुटणार नाही. मग झोप दोन तुकड्यांत घेतली तर चालते का? आणि जखडल्यावर नुसता पायाचा अंगठा हलवून कोणाची सुटका झाली आहे का?