फ्लिपर चाकू कधी खाडकन उघडतो, कधी जागचा हलत नाही. दोष कुणाचा?

अर्धा_अंगठा:
उजव्या अंगठ्याचा सांधा मोडल्यापासून तो पूर्ण वळत नाही. माझं काम वेली बांधायचं. एका हाताने वेल काठीला धरायची, दुसऱ्याने सुतळी कापायची. त्यामुळे चाकू एका हाताने उघडायला हवा. पहिला होता व्हिक्टोरिनॉक्सचा, नखाच्या खाचेचा. त्याला दोन्ही हात लागतात, वर नख तुटतं ते वेगळंच. दुसरा बॅकलॉक, म्हणजे उघडं पातं मुठीच्या पाठीतल्या दांडीने अडकवणारा, पात्याला गोल भोक असलेला. अंगठ्याने पातं पार शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि पाठीची स्प्रिंग वाटेत विरोध करत राहते. संध्याकाळी अंगठा ठणकतो. म्हणून तिसरा आणला फ्लिपर, फ्रेमलॉकवाला (उघडं पातं मुठीतल्या पट्टीने अडकतं), पातं बेअरिंगवर फिरणारा. तर्जनीने मुठीच्या पाठीवर बाहेर आलेलं पात्याचं टोक ओढलं की खाडकन उघडतो. पण दहातून तीनदा बोट घसरतं आणि पातं ढिम्म. पिव्हटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो, स्क्रू सैल करू का?

तेलपाणी:
करा की. पाव फेरा सैल करायचा, थेंबभर तेल सोडायचं. माझा असाच सुटला.

खटका:
स्क्रूला आत्ताच हात लावू नका. जास्त सैल झाला तर उघडलेलं पातं आडवं डुगडुगेल आणि मूळ दुखणं तसंच राहील.

बंद पातं धरून ठेवतो तो लॉकच्या पट्टीत बसवलेला बारीक छर्रा. पात्याच्या मुळाशी एक खळगा असतो, त्यात तो बसतो. तुम्ही टोक ओढता तेव्हा बोटात जोर साठतो, छर्रा निसटतो आणि तो सगळा जोर एकदम पात्याला मिळतो. म्हणजे हा अडसर मुद्दाम ठेवलेला आहे. तो फार हलका झाला तर पातं अर्ध्यावर लोंबकळतं.

आता फ्रेमलॉकची गंमत बघा. त्यात ही पट्टी म्हणजे मुठीचीच एक बाजू. उजव्या हातात धरलं की मधलं बोट आणि अनामिका नेमकी तिच्यावर टेकतात. चाकू घट्ट आवळला की पट्टी आत दबते आणि छर्रा खळग्यात आणखी रुततो. जितका तुम्ही जोर कराल तितका तो हट्टाला पेटणार! (मी यापायी एक चाकू चार वेळा खोलला होता, दोष माझ्या बोटांचा निघाला.) लायनरलॉक या दुसऱ्या प्रकारात पट्टी मुठीच्या आत असते, तिथे हे क्वचित होतं.

तेव्हा बोटं पट्टीवरून काढून मुठीच्या कडांवर ठेवा, आणि टोक आत न दाबता मुठीच्या मागच्या टोकाकडे ओढा.

एक मात्र सांगतो, मातीच्या कामाला बेअरिंग मला पटत नाही. कण अडकले की करकरतं. बेअरिंगऐवजी कांस्याचे वॉशर असले तर ते सावकाश चालतात, पण घाण सोसतात. पुढेमागे बदलायचा झाला तर बेंचमेड या चाकू कंपनीने १९९८ मध्ये आणलेला ॲक्सिस लॉक हाताळून बघा. आडवी दांडी मागे ओढली की पातं मोकळं होतं, मनगटाच्या झटक्याने बाहेर येतं, अंगठ्याला पातं ढकलावं लागत नाही. तिच्या दोन स्प्रिंगांपैकी एखादी कधीतरी तुटते, पण तोवर दुसरी काम निभावते.

लाकडी_मूठ:
आमचा ओपिनेल, लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू, यात कुठेच बसत नाही. ओल्या हवेत मूठ फुगते आणि पातं रुतून बसतं. मग मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, पातं थोडं वर येतं, ते चिमटीत धरून ओढायचं. १९५५ पासूनचं फिरतं कडं मात्र लॉक म्हणून झकास.

अर्धा_अंगठा:
खटका, तुमचं खरं निघालं. बोटं कडांवर ठेवून वीस वेळा उघडला, एकदाच अडला, तोही रबरी हातमोजा घातल्यावर. स्क्रूचा पाना डब्यात परत गेला.