बाळासाठी स्टरिलायझर + छोटा मिक्सर सुचवा (बजेट २,५००, त्याच्या आतच!)

रानजाई
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी पिल्लूला सहा महिने पूर्ण होतील, त्याच दिवशी उष्टावण. पुढे घरचंच द्यायचं ठरलंय: नाचणी, मऊ भात, मुगाची डाळ. दोन वस्तू हव्यात. मिक्सरचं भांडंही मावेल असा इलेक्ट्रिक स्टरिलायझर आणि फक्त बाळापुरता छोटा मिक्सर. दोन्ही मिळून २,५००.

सध्या भांडी गॅसवर उकळते. वीस मिनिटं, मनात मोजून. मध्येच कुणी हाक मारली किंवा कुकरची शिट्टी झाली की आकडा चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून. रात्रीचा दीड वाजतो. नाचणीचं सत्व आधी करून ठेवावं म्हटलं, तर तीनदा करून तीनदा फेकलं. काचेच्या बरणीचं झाकण लावताना टक्क आवाज झाला आणि आत काच पडली असेल असं वाटलं. बरणी फुटलेली नव्हती. मशीन आलं की हे थांबेल. कोणतं घेऊ?

मिक्सरवेडा
२,५०० मध्ये खेळणं येतं. सरळ ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा घ्या. ६,८०० ला आहे. माझा नऊ वर्षं झाली, इडलीचं पीठ, चटणी, दिवाळीत भाजणीसुद्धा. बाळ काय कायम सहा महिन्यांचंच राहणार आहे?

रानजाई
दादा, बजेट २,५०० आहे.

मिक्सरवेडा
हप्ते असतात की.

कोथरूडची_आई
मी वाफवणारं आणि तिथेच वाटणारं मशीन घेतलं होतं, साडेआठ हजारांचं. लाल भोपळा इतका मऊ व्हायचा! दहाव्या दिवशी रबरी कडीखाली गाजराची बुरशी सापडली. आता त्यात लसूण ठेवते. पण घ्या, ओट्यावर छान दिसतं.

आजोबा_इस्लामपूर
आमची तीन मुलं. ना उकळणं, ना मशीन. चुलीवरचा मऊ भात, वर तूप-मेतकूट, आणि सकाळी मधाचं बोट. तिन्ही धडधाकट. हल्लीच्या आया फार घाबरट.

शेवगा
आजोबा, मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटभरही नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते तान्ह्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि मूल लुळं पडू शकतं. ते बीजाणू साध्या उकळण्यानेही मरत नाहीत. मीठ, साखर, गूळही वर्षाचं होईपर्यंत नको, त्यामुळे मीठ घातलेलं मेतकूटही बाद. आणि रानजाई, नुसतं डाळीचं पाणी देऊ नका, त्यात पोट भरतं आणि पोषण काही नसतं. डाळच घोटून द्या. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत दाट. सुरुवात दोन-तीन चमचे, दिवसातून दोन वेळा. सहा महिन्यांनंतर दुधातलं लोह पुरत नाही, म्हणून डाळ-नाचणी लवकर सुरू करायची. अंगावरचं दूध चालूच.

तिखटमीठ
नाचणी मोड आणूनच. रात्रभर भिजवा, कपड्यात बांधून मोड काढा, सावलीत वाळवा, मंद भाजा, दळून वस्त्रगाळ करा.

शेवगा
मोड बरोबर, वस्त्रगाळ कशाला? कोंडा काढला की चांगलं तेच जातं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते काय फडक्याला खायला घालायचंय?

तिखटमीठ
आमच्या कोकणात गाळतातच. टोचतं घशाला.

रानजाई
शेवगाताई, उकळूनही मरत नाहीत म्हणजे? मग वाटीवर असले तर? घरात मध आहे, बरणी त्याच फळीवर आहे. फळी पुसली. वाटी पुन्हा उकळली. चालेल ना?

लेस्टरची_वैनी
मधाच्या शेजारी वाटी ठेवली म्हणून काही होत नाही गं. आणि मला इथे इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळ बघायला घरी येणाऱ्या नर्सने, सांगितलेलं: सहा महिन्यांनंतर खाण्याच्या वाट्या-चमचे निर्जंतुक करायची गरज नाही. गरम पाणी, साबण, नीट वाळवणं, पुरे. दुधाची बाटली असेल तर ती मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत. मी स्टरिलायझर घेऊन पस्तावले, आता माळ्यावर आहे. भारतात कुणी येणार असेल तर देते.

रानजाई
पण इथलं पाणी वेगळं ना? नळाला कधी कधी गढूळ येतं. उकळलेल्या पाण्याने धुतलं तर नक्की चालेल? आणि चमच्याचा दांडा?

कोथरूडची_आई
चालेल चालेल. अगदी वाटलं तर दोनदा धुवा.

दुपारचा_चहा
मिक्सरमधलं मला काही कळत नाही. मी डॉक्टरही नाही. पण 'आकडा चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून' इथे अडकले.

मी हे गॅसच्या बटणापायी केलंय. लेक चार महिन्यांची होती. बाहेर पडताना बंद बटणाचा फोटो काढायचे, लिफ्टमध्ये बघायचे, मग वाटायचं हा कालचा असेल, परत वर. एका सकाळी फोनमध्ये १४ फोटो निघाले, सगळे बंद बटणाचे. माहेरी याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टरांनी ओसीडी लिहिलं. शंभरातल्या दोन-एक जणांना आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि बाळंतपणाच्या आगेमागे डोकं वर काढतो. नको तो विचार येतो, जीव घाबरा होतो, धुतलं-मोजलं-तपासलं की दोन मिनिटं हलकं वाटतं. त्या दोन मिनिटांची चटक लागते. असले विचार प्रत्येक आईला येतात. आले म्हणून ते खरे होत नाहीत आणि आई वाईट ठरत नाही. फरक एवढाच की बाकीच्यांचे येऊन जातात, आपले मुक्कामाला राहतात.

उपचार आहेत. मला ईआरपी दिलं. म्हणजे बटण एकदाच बंद करायचं, फोटो न काढता निघायचं, आणि येणारी धडधड येऊ द्यायची. पहिल्या दिवशी रिक्षात ब्लाउज ओला झाला. हळूहळू उतरलं, मी काहीच न करता. हे एकटीने सुरू करू नका, कशापासून सुरुवात करायची ते थेरपिस्ट बरोबर बसून ठरवतात. गोळीही होती. या आजारात तिचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, मी तिसऱ्या आठवड्यातच सोडायला निघाले होते. अंगावर पाजताना चालतील अशाही गोळ्या असतात, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. सुरुवातीला टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

दांड्याच्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. वैनींनी एकदा सांगितलंय. दुसऱ्यांदा सांगितलं की तिसऱ्यांदा विचारावंसं वाटतं. माझ्या नवऱ्याला हे शिकायला महिना लागला.

रानजाई
म्हणजे मशीन घेऊ नको?

दुपारचा_चहा
घ्या की. पण आठ दिवसांत 'दिवा नीट लागला होता का' हे बघत बसाल. लावते पैज.

आजोबा_इस्लामपूर
ही शिकलेल्यांची दुखणी. आमच्या आजीचं सोवळं याहून कडक होतं, तिला कुणी गोळ्या दिल्या नाहीत.

तिखटमीठ
आजीचं सोवळं जेवणं आटोपली की सुटायचं, आजोबा. आणि सोवळ्याचं कौतुक इथे नको. कुणाला विहिरीवर येऊ देत नव्हते तेही आठवा.

कोथरूडची_आई
धागा मिक्सरचा आहे ना?

आजोबा_इस्लामपूर
विहिरीवरून आठवलं. धाकटी बहीण रहाटाजवळ बसून हात धुवायची. राखेने. सालं निघेपर्यंत. आम्ही तिला 'बदक' म्हणायचो. शाळा सुटली त्यातच. हे तेच असेल का?

दुपारचा_चहा
असू शकेल, आजोबा.

मिक्सरवेडा
सेल लागलाय! तोच मिक्सर ६,३९९.

रानजाई (अकरा दिवसांनी)
उष्टावण झालं. मामाने भरवलं, पिल्लूने मामाच्याच शर्टावर परत केलं.

मिक्सर घेतला नाही, स्टरिलायझरही नाही. कुणीच सुचवलं नव्हतं ते केलं: सासूबाईंचं पितळेचं पुरणयंत्र काढलं, कल्हई करून आणली, २०० रुपये. तांदूळ आणि मूगडाळ कुकरला पाच शिट्ट्या, गरम असतानाच यंत्रातून फिरवायचं, वर अर्धा चमचा तूप. दाणाही राहत नाही. एरवी वर्षातून एकदा होळीला निघायचं.

१४४१६ ला दुसऱ्या प्रयत्नात धीर करून बोलले. पहिल्यांदा पलीकडून हॅलो आलं आणि मी ठेवून दिला. बुधवारी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन आले, पुढच्या बुधवारी परत. नवरा आता 'चालेल ना?' ला उत्तर देत नाही. परवा त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. यंत्र काल दोनदा धुतलं. गेल्या आठवड्यातला आकडा सांगत नाही.

मिक्सरवेडा
पुरणयंत्र? २०२५ मध्ये?

तिखटमीठ
बारीक जाळी लावू नका, मुगाची सालं अडकतात.

रानजाई
बिनसालीची डाळ आहे हो.