आगरी बोली नोंदवताना सगळे शाळेतली मराठी का बोलतात?

खाडीकाठ: नवी मुंबईतल्या घणसोली, दिवाळे, करावे इथली आगरी नोंदवतोय. शब्दयादी वाचली की सगळे प्रमाण मराठीत उत्तर देतात. काय करावं?

शब्दवेध: यादी वाचूच नका. तुम्ही ‘गाडी’ म्हणालात की समोरचाही ‘गाडी’च म्हणणार. चित्र दाखवा आणि ‘गारी’ येतं का ऐका. ड चा र, ळ चा ल (डोला), ण चा न (पानी), प्रत्येकासाठी पाच-सहा चित्रं घ्या, पण सलग नकोत. रोख कळला की माणूस जपून बोलतो. ‘मला’ऐवजी येणारं ‘मना’ चित्रातून मिळणार नाही. त्यासाठी भातलावणी, मिठागर, लग्नातली हळद असे विषय काढून दोन नातेवाइकांना आपसांत बोलू द्या, तुम्ही गप्प बसा. सुरुवातीची दहा मिनिटं विश्लेषणात धरू नका.

मिठागर: वयाबरोबर माहेरही लिहा. उरणहून लग्न होऊन आलेल्या बाईंची बोली घणसोलीची म्हणून नोंदली की नकाशाच चुकतो. कोळी घरांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, हे फार महत्त्वाचं.

नादखूण: रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये करा, सेटिंग ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. पंखा बंद, त्याच्या घरघरीत ड आणि र वेगळे काढणं अवघड जातं. परवानगी आधीच घ्या.