मदत हवी आहे: मुलाचं नाव 'सूर्याजी' ठेवावं का?

जुळेसोलापूरची_आई
मुलगा झालाय, आज सातवा दिवस. नक्षत्र शततारका, चौथं चरण, अक्षर 'सू'. ह्यांच्या पणजोबांचं नाव सूर्याजी होतं. सासरे म्हणतात, अक्षर आपणहून आलंय, आता दुसरं नाव शोधायचं नाही. फोनवर भावाला सांगितलं तर तो पहिल्यांदा म्हणाला, "पिसाळ का?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. (आमचं आडनाव पिसाळ नाही.) दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इतिहासात नेमकं काय आहे? आणि दवाखान्यातला माणूस उद्या फॉर्मवर नाव मागतोय, ते लगेच द्यावंच लागतं का?

भुईकोट
सूर्याजी एक नाही, निदान तीन आहेत. पहिले समर्थ रामदासांचे वडील, जांबचे सूर्याजीपंत ठोसर. दुसरे सूर्याजी मालुसरे, तानाजीचे धाकटे भाऊ. फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळे माघारी पळू लागले, तेव्हा परतीचे दोर कापल्याचं सांगून त्यांना वळवणारे ते हेच. तिसरा पिसाळ.

1689 मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले तेव्हा औरंगजेबाची छावणी आपल्याच जिल्ह्यात, अकलूजला होती. त्याच वर्षी इतिकादखानाने रायगडाला वेढा घातला आणि नोव्हेंबरात गड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती गेले. शाहू सुटले 1707 ला, येसूबाई परत आल्या 1719 ला. म्हणजे तीस वर्षं. वाईच्या देशमुखीच्या आशेने सूर्याजी पिसाळने गडाचा दरवाजा उघडला, ही गोष्ट परंपरेने चालत आली. ती जशीच्या तशी धरायची का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण बोलीभाषा पुरावा मागत बसत नाही. 'सूर्याजी पिसाळ' म्हणजे फितूर, हे मराठीत पक्कं झालंय.

एक गोष्ट नीट बघा. डाग जोडनावाला आहे. 'आनंदीबाई' म्हटलं की 'ध चा मा' आणि 1773 चा नारायणरावांचा खून आठवतो, नुसतं 'आनंदी' म्हटलं तर आठवत नाही. शिवाय डॉ. आनंदीबाई जोशी त्या नावाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या आहेत. (त्यांचं माहेरचं नाव यमुना. आनंदी हे नाव लग्नानंतरचं.)

शेंगाचटणी
वरच्याशी अर्धंच सहमत. 'आनंदी' रोजच्या वापरातला शब्द आहे, म्हणून तो धुऊन निघतो. 'सूर्याजी' आज कुणाच्या घरात ऐकू येतं? नाव दुर्मिळ असलं की ऐकणारा आठवणीतला एकमेव सूर्याजी बाहेर काढतो.

याची उलट बाजू बार्शी, माढ्याकडे बघा. बिभीषण नावाची माणसं गावोगाव आहेत. 'घर का भेदी' म्हण सगळ्यांना पाठ, तरी कुणी बिभीषणाला ती ऐकवत नाही, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एखादा बिभीषण आहे आणि तो साधा ऊसवाला किंवा मास्तर आहे. नाव वापरणारी माणसं वाढली की जुना माणूस मागे पडतो. सूर्याजीच्या बाबतीत तसं झालेलं नाही. ते काम तुमच्या एकट्या पोरावर पडेल.

बारशाआधी एवढं करून बघा. पूर्ण नाव, म्हणजे मुलाचं, वडिलांचं, आडनाव, असं दहा जणांना फोनवर सांगा. पाच पन्नाशीपुढचे, पाच कॉलेजातले. आधी काहीही समजावू नका, समोरच्याचा पहिला शब्द तेवढा लिहून ठेवा. 'पिसाळ' चार-पाचदा आलं तर सासऱ्यांना तो कागद दाखवा, वाद घालू नका. एखाद-दुसऱ्यांदाच आलं तर बिनधास्त ठेवा. आपल्या गावात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांना पिसाळ ठाऊक असेलच असं नाही, म्हणून त्या दहांत मराठी घरातलेच घ्या, नाहीतर निकाल उगाच गोड येईल.

नोंदवही
उद्याच्या फॉर्मपुरतं सांगतो, कारण घाई तिथेच होते.

जन्माची माहिती 21 दिवसांत नोंदली जायला हवी. दवाखान्यात जन्म असेल तर ते काम दवाखान्याचं. पण त्यात बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. ठरलं नसेल तर रकाना कोरा सोडा. आई-वडिलांची नावं, पत्ता, तारीख मात्र आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. अर्ज महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात.

उलट, एकदा नाव चढलं की ते सहज काढता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्ती होते ती लेखनचुकीची किंवा चुकीच्या नोंदीची. 'आता आवडत नाही' ही चूक धरत नाहीत. राजपत्रात नाव बदलून घेता येतं, पण त्याने जन्माच्या मूळ नोंदीतलं नाव आपोआप बदलत नाही. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच पुरावा आहे. म्हणून कोरा रकाना हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा आहे, तो उद्या घालवू नका.

जुळेसोलापूरची_आई
हे माहीतच नव्हतं. पण मग बारशाला काय करायचं? पाहुणे सांगून झालेत.

भुईकोट
बारशाला आत्या कानात कुर्र करून सांगते ते नाव आणि दाखल्यावरचं नाव एकच हवं, असं कुठे आहे? पाळण्यात सूर्याजी म्हणा, पणजोबांचा मान राहिला. कागदावर सूर्यकांत किंवा सूर्यभान घातलं तरी अक्षर तेच राहतं.

नोंदवही
आणि सूर्याजीच ठरलं तर दाखला छापण्याआधी मसुदा वाचून घ्या. तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. 'सू' दीर्घ आहे, टायपिंगमध्ये 'सुर्याजी' होतं. 'र्य' रफाराचा आहे, 'सूऱ्याजी' नाही. आणि 'जी' वेगळं पडून 'सूर्या जी' झालं तर पुढच्या फॉर्मवर 'जी' वडिलांच्या नावाच्या रकान्यात जातं, किंवा कुणीतरी ते आदरार्थी समजून गाळून टाकतं. इंग्रजी स्पेलिंगही तिथेच एकदा ठरवा आणि आधारला तेच द्या. सही करण्याआधी मसुद्याचा मोबाइलवर फोटो काढून सासऱ्यांनाही वाचायला लावा. नावाचा आग्रह त्यांचा आहे, तर वेलांटी-उकारही त्यांनीच तपासू दे.