९५ अंश म्हणजे बिघाड नव्हे

‘एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर रेंडरिंगला (थ्रीडी चित्रं, व्हिडिओ तयार करायला) लावला की लगेच ९५ अंशांवर जातो, म्हणजे कूलर बदलायला हवा’ हे म्हणणं पटलं नाही. ९५ ही त्याची ठरवून दिलेली मर्यादा आहे. तिथपर्यंत तो क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, वाढवत नेतो, त्यामुळे कूलर मोठा लावला तरी आकडा बराचसा तोच राहतो, वाढतो तो वेग. सॉकेटची, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेची, वीजमर्यादा २३० वॅट आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘१०५ वॅट’ नावाचा इको मोड, म्हणजे कमी विजेचा पर्याय, लावा, ही वीजमर्यादा प्रत्यक्षात १४२ वॅटवर येते. सगळे कोअर वापरणाऱ्या कामातही वेग थोडाच घटतो, पंख्याचा आवाज मात्र खूपच. माझ्या मते हा पर्याय सुरुवातीलाच लावावा.

खरी अडचण रॅमची. दोन डीडीआर५ रॅम स्टिकवर अधिकृत वेग ५२०० (एमटी/से., म्हणजे सेकंदाला दशलक्ष ट्रान्सफर), चार लावल्या की ३६००. म्हणून ६४ जीबी हवी तर ३२च्या दोनच घ्या. नवी रॅम बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, ते मेमरी ट्रेनिंग असतं, म्हणजे संगणक नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून वीज बंद करू नका.

फक्त गेमिंगसाठी ७९५०एक्सचे १६ कोअर वाया जातात. तिथे ८ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरमधल्याच जलद मेमरीचा) रायझन ७ ७८००एक्स३डी सरस.