मदत हवी आहे: उच्च दाबाच्या प्रयोगाला आपल्याकडचा कॅल्साइटवाला बेसाल्ट चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी नांदेडला एम.एस्सी. भूशास्त्र करतोय. प्रबंधाचा विषय: सबडक्शनमध्ये (एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत जातो तेव्हा) समुद्रतळाच्या बेसाल्टबरोबर खाली जाणाऱ्या कार्बोनेटचं पुढे काय होतं. (किल्लारीचा यात संबंध नाही, तो भूकंप भूपट्टाच्या आतला होता. घरचे सारखे विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.)

प्रयोग परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत, पिस्टन-सिलिंडरवर (नमुना दाबून तापवणारं यंत्र), ३ गिगापास्कलला. म्हणजे साधारण १०० किलोमीटर खोलीवरचा दाब. यंत्र थोडाच वेळ मिळणार, त्यामुळे नमुना इथूनच तयार करून न्यायचा आहे.

समुद्रतळाच्या जुन्या बेसाल्टात पोकळ्या आणि भेगा कॅल्साइटने (कॅल्शियम कार्बोनेटने) भरलेल्या असतात. आमच्या शिवारात विहीर खणली की असाच दगड निघतो, काळ्यात पांढरे ठिपके. तोच दळून कॅप्सूलमध्ये (नमुन्याच्या छोट्या धातूच्या नळीत) भरावा म्हणतो. पण पांढरं ते सगळं कॅल्साइट नसतं, बरंच स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट (पाणी धरून ठेवणारी झिओलाइट खनिजं) असतं. झिओलाइट आले म्हणजे पाणी आलं, आणि पाण्याने खडक कमी तापमानालाच वितळायला लागतो. मग तो कार्बोनेटमुळे वितळला की पाण्यामुळे, हे ठरवायचं कसं? भाजून पाणी काढावं का? किती अंशांवर?

काळापाषाण:
झिओलाइटचं पाणी ४०० अंशांपर्यंत बहुतेक निघून जातं. कॅल्साइट उघड्या हवेत ८०० च्या पुढे फुटतो, त्याचा चुना होतो. मधे भाजलं की काम झालं असं वाटेल, पण भुकटी गार होताना हवेतली ओल परत ओढून घेते आणि लोहाचं ऑक्सिडीकरण होतं ते वेगळंच. त्यापेक्षा ठिपके नसलेला ताजा बेसाल्ट घ्या, वितळवून काच करा, दळा आणि शुद्ध कॅल्साइट नंतर वजन करून मिसळा. कार्बन डायऑक्साइड किती, हे मग तुम्ही ठरवाल, विहीर नाही. थॉमसन आणि सहकाऱ्यांचं २०१६ चं 'नेचर'मधलं काम बघा: बहुतेक भूपट्टांतला कार्बोनेटयुक्त बेसाल्ट ३०० ते ७०० किलोमीटरदरम्यान वितळतो. तिथेही कृत्रिम मिश्रणच वापरलंय. दख्खन ट्रॅपच्या, म्हणजे आपल्याकडच्या बेसाल्टात टायटेनियम जास्त असू शकतं, आधी रासायनिक विश्लेषण करून घ्या. आणि नुसत्या प्लॅटिनमची कॅप्सूल नको, ती लोह शोषते. सोनं-पॅलॅडियम बरं.

धागाकर्ता:
आभारी आहे सर, काचेचंच करतो. सोनं-पॅलॅडियमच्या नळीचा भाव बघून मात्र गाईड गप्प झाले. कुणाच्या लॅबमध्ये उरलेले तुकडे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.